झिऱ्यापासून पन्नास पावलं

झिऱ्याची हकीकत आमच्या गावात अजून सांगतात. सांगणारा दर वेळी वेगळा असतो, पण माझा उल्लेख येतो तो एकाच जागी, जिथे चूक झाली तिथे. पुढचं सगळं मोठीमायच्या नावावर. ज्या कागदाच्या जोरावर पुढचं सगळं झालं तो कागद माझ्या बोलण्यातून निघाला होता आणि त्यावर सही माझी होती, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बाकीचं लिहिणं धंद्यानं शिकवलं.

गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधे, खारपाणपट्ट्यात. विहीर कुठेही खणा, पाणी खारट. गुरं ते कसंबसं पितात, साबणाला त्यात फेस येत नाही, आणि तुरीची डाळ तर शिजतच नाही. दोन तास उकळा, दाणा आपला तसाच. गोडं पाणी एकाच ठिकाणी मिळायचं, नदीच्या रेतीत. होळीनंतर धार आटली की बायका रेतीत हातानं कमरेइतका खड्डा करत. तळाला पाणी झिरपून येई. तो झिरा. वाटीनं ते पाणी काढायचं आणि फडक्यातून गुंडात, म्हणजे पितळी घड्यात, ओतायचं. भांडं फार मोठं आणलं तर मागे पाळीत उभ्या बायका ऐकवत.

या झिऱ्यावर मोठीमायचा शब्द चाले. नदीकाठच्या एका शेतकरी घरातली ही वयस्क बाई. कोणाकोणाची ती नात्यानं मोठी काकू, म्हणून हळूहळू अख्ख्या गावाची मोठीमाय झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिचा आवाज कधी चढत नसे. सकाळी पहिली वाटी ती तोंडात घेई, चव पाही आणि थुंकून टाकी. मग म्हणे, "भरा." गुरं झिऱ्याच्या खाली पाजायची, धुणं त्याच्याही खाली, संध्याकाळी झिऱ्यावर बाभळीच्या फांद्या टाकायच्या. हे नियम कोणी केले, तिला कोणी नेमलं, असं मी एकदा विचारलं होतं. "कोनी नाई," ती म्हणाली. "तुले नेमाचं हाय काय? पहाटे येजो."

मला हे पटत नसे. फुकटात राबणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझे मालक लवकर गेले. मी तूर घ्यायची, भिजवून वाळवून जात्यावर भरडायची, आणि डाळीची पोती छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या रेल्वेनं अकोल्याला न्यायची. बाजारात माझ्याशी गोड बोलणारा प्रत्येक माणूस मापात काहीतरी करायचा. मी ओरडायला तिथेच शिकले. ज्याला काही नको आहे त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं, हेही तिथलंच शिक्षण. मोठीमायला काही नको होतं. म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

नवं राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. अकोल्यात बांधकामं वाढली होती, आणि रेतीचा एक ठेकेदार आमच्या नदीत बैलगाड्या घेऊन उतरला. त्याच्याजवळ सरकारी परवाना होता. झिऱ्याच्या वरच्या अंगाला त्याची माणसं रेती खोदत, आणि गाड्या भरायला आमच्याच गावच्या बायका मजुरीला होत्या, नदीच्या उतारावर राहणाऱ्या खालच्या वस्तीतल्या. त्या वस्तीचा झिरा वेगळा असे, आमच्या झिऱ्याच्या खाली. तसा दस्तूर होता. आम्ही गढूळ केलेलं पाणी त्यांच्याकडे जाई. त्या काळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

मोठीमाय आधी सरपंचाकडे गेली. सरपंच म्हणाला, परवाना वरचा आहे, माझ्या हातात काही नाही. त्याच्या घराची नवी भिंत तेव्हा उभी राहत होती आणि तिच्या पायाशी रेतीचा ढीग होता. मी तो पाहून आले आणि चार जणींना सांगितलंही.

मग एका दुपारी मोठीमाय माझ्या दारात.

"तुले बोलता येते," ती म्हणाली. "ठेकेदाराकडे जाऊ. तू चाल."

"मीच काहून?"

"तू अकोल्याच्या दलालायले रडवतं म्हन्तेत."

मी गेले. पण जाताना मनात एकच होतं की ही बाई मला पुढे का करते आहे?

ठेकेदार गाडीच्या जुवावर बसून पान लावत होता. वीसेक बायका काठावर उभ्या राहिल्या, खाली आम्ही दोघी.

"रेती काढणं बंद करा," मी म्हटलं. "झिरा बसला त गाव काय पिईन?"

"बाई, लायसन हाय आपल्याजवळ," तो म्हणाला. "झिऱ्याले आपण हात नाई लावत. दहा पावलं सोडून देतो, बस?"

"दहा पावलांत तुमचे बैल मुततेत. पाचशे पावलं सोडा."

काठावर हशा पिकला. तोही हसला. "पाचशे पावलं सोडून मी का धोंडे विकू? चला, वीस."

"तुमच्या घरी पानी कोन भरते?"

"नळ हाय."

"मंग तुमाले वीस पावलं म्हन्जे काय ते कसं समजन? तीनशे."

अशी आमची जुंपली. भाव तुटत आला, म्हणजे पक्का होत आला, की माझ्या अंगात एक प्रकारची गरमी येते, ती आली. मागे बायका आहेत, पुढे ठेकेदार घामेजला आहे, आणि मी त्याला पावलापावलानं ओढते आहे. शेवटी पन्नासावर सौदा तुटला. बायका जिथे पिण्याचं पाणी भरतील तिथून चारी बाजूंनी पन्नास पावलं गाडी येणार नाही, रेती निघणार नाही. मी म्हटलं, लिहून द्या. त्याच्या मुनशीनं लिहिलं, त्यानं सही केली. मी सही केली. मग मोठीमायपुढे शाई धरली.

"तुही सही झाली ना?" ती म्हणाली. "बस झालं."

तिनं अंगठा दिला नाही. मी ते लक्षात ठेवलं.

वीस-बावीस दिवस मी गावात मानानं फिरले. जिला तिला पन्नास पावलं सांगितली. मग चैत्रात एका सकाळी मोठीमायनं पहिली वाटी तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली, आणि "भरा" म्हणालीच नाही. पाणी मचूळ झालं होतं.

पहिल्यांदा कोणाला पटेना. घरोघरी वरण बिघडायला लागलं तेव्हा बायकांनी दोष दिला तो माझ्या डाळीला. "तुहीच डाळ जुनी असंन वं," शेजारीण भर रस्त्यात म्हणाली. "मागच्या सालची मिसळली असंन." माझ्या डाळीवर अकोल्यात कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी तिथल्या तिथे पदर खोचला. मूर्तिजापूर स्टेशनच्या नळाचं पाणी मी धंद्याच्या वाटेनं डब्यात भरून आणलं होतं. अंगणात दोन चुली मांडल्या, एकाच पोत्यातली डाळ दोन भांड्यांत घातली, एकात स्टेशनचं पाणी, एकात झिऱ्याचं. बायकांना समोर बसवलं. पहिल्या भांड्यातली डाळ गळून गेली. दुसऱ्यातली वरखाली नाचत राहिली.

"पाह्यलं?" मी म्हटलं. "डाळीत खोट नाई."

"मंग झिऱ्यात हाय," शेजारीण म्हणाली. "अन् झिऱ्याचा सौदा कोनं केला होता?"

एकीनं भांडं उतरवलं. माझी डाळ मी वाचवली होती आणि माझा सौदा मीच वीस बायकांसमोर खोटा पाडला होता.

मला पहिला संशय आला तो ठेकेदाराचा. दुसऱ्या दिवशी मी झिऱ्यापासून पावलं मोजत गेले. बावन्न भरली. दुसऱ्या अंगानं मोजली, एक्कावन्न. लुच्च्यानं सौदा पाळला होता, त्यानं माझा राग जास्तच भडकला. मग दुसरा संशय. गेले काही दिवस मोठीमाय गाडीवाल्यांना ताक देताना मी पाहिली होती. उन्हातान्हात ती घागर घेऊन त्यांच्याजवळ जाई, बसे, बोले. ठेकेदाराच्या माणसांना ताक. आणि कागदावर अंगठा नाही. सगळं जुळत होतं.

सकाळी झिऱ्यावर सगळ्या बायका असताना मी तिला विचारलं, "ठेकेदारानं तुमाले काय देलं, मोठीमाय?"

ती वाटी धूत होती. तिनं ती पुसून कडेला ठेवली.

"ताकाच्या बदल्यात?" ती म्हणाली. "गाडीवाल्यायनं सांगतलं, किती खोल खंदून राह्यले ते. वर डोक्याइतकं गेले. खाली काळी चोपन माती लागली." ती मूठभर ओली रेती घेऊन माझ्यापुढे बसली. "गोडं पानी रेतीत राह्यते. रेतीखाली खारंच हाय. वरची रेती गेली त गोडं पानी कोठी राहीन? मंग खारं वर येते. पन्नास पावलं तू अन् ठेकेदारानं ठरवली. पान्यानं नाई ठरवली."

"मंग तवाच काहून नाई बोलल्या?"

"तवा मले डोक्याइतकं खंदतेत हे मालूम होतं काय?"

हे उत्तर सरळ होतं. मी त्यावर तेव्हा विश्वास ठेवला नाही, आजही अर्धाच ठेवते. तिनं विचारलं, "कागदावर काय लेहिलं हाय, वाच." मी चोळीतून कागद काढून वाचला. बायका जिथे पिण्याचं पाणी भरतील, तिथून चारी बाजूंनी पन्नास पावलं.

"मंग आपून वर जाऊन भरू," मोठीमाय म्हणाली. "एक झिरा इथं, दुसरा वर, तिसरा त्याच्या वर. पार वळणापर्यंत."

मी मनात पावलं मांडली. वळणापर्यंत नदीचं पात्र झाकायचं तर दर पन्नास पावलांवर झिरा हवा, आणि प्रत्येक झिऱ्यावर रोज पाणी भरणाऱ्या बायका हव्या. नुसते खड्डे करून चालणार नव्हतं, ठेकेदारानं ते बुजवले असते. आमच्या बायका पुरत नव्हत्या. हरभरा-गव्हाचं काम अंगावर होतं, आणि अर्ध्या घरांतून सुना बाहेर सोडत नव्हते.

मोठीमाय उठली आणि खालच्या वस्तीकडे चालायला लागली. मी मागे. तिथे आमच्याकडची बाई अशी चालत जात नसे.

वस्तीत ठेकेदाराच्या गाड्या भरणाऱ्या बायकांमध्ये एक होती, चाळिशीची, उंच, टोपलं डोक्यावर घेताना कोणाची मदत न घेणारी. तिचं बोलणं तिथे चाले. मोठीमायनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हन्जे आमची मजुरी जाईन," ती बाई म्हणाली.

"जाईन."

"अन् पानी तुमचं गोडं होईन."

"तुमचंबी होईन."

"आमचं तुमच्या खालून येते. तुमी पाय धुतलेलं." तिच्या मागच्या दोघी हसल्या. "खंदू आमी. पन ज्या झिऱ्याले आमी खंदू, त्याचंच पानी आमी भरू. वर. अन् तुमची एखादी तिथं आली त तिनं आमच्या पाळीत उभं राहावं, बाजूले नाई."

मी भाव ओळखते. तो पक्का होता, त्यात कमी करायला जागा नव्हती, पण सवयीनं माझं तोंड उघडलं. "वर म्हन्जे... बाजूनं एखादा झिरा..."

"तू चूप राह्य," मोठीमाय म्हणाली.

सौद्यात मला गप्प बसायला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. मोठीमायनं त्या बाईकडे पाहिलं. स्वतःच्या घरी यावरून काय होईल ते मोठीमायला माहीत असणारच. तिच्या मुलांनी पुढे आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. "हाव," ती म्हणाली. "सबन झिरे सगळ्यायचे. उद्या सकाळी."

दुसऱ्या सकाळी गाड्या उतरायच्या आत आम्ही पात्रात होतो. खालच्या वस्तीतल्या बायकांनी पार वळणावर, सगळ्यांच्या वर, झिरा धरला. त्यांचे हात रेतीला सरावलेले. आमचा अर्धा खड्डा होईपर्यंत त्यांचे दोन झाले. रेती ज्यांनी गाड्यांत भरली होती, त्यांनाच रेती कुठे धरून आहे आणि कुठे ढासळते ते कळत होतं. त्या सांगत, आम्ही ऐकत होतो. मला ते आवडलं नाही, पण मी ऐकत होते.

ठेकेदार आला. त्याला कळेना की आज मजुरीला कोणी का नाही. मग त्याला बायका दिसल्या, झिऱ्याझिऱ्यावर गुंड लावून बसलेल्या.

"हे काय होय?" त्यानं मला विचारलं.

"पानी भरून राह्यलो."

"इतकं?"

"उनाळा हाय, शेटजी."

त्यानं मुनशीला पावलं मोजायला लावलं. मुनशी एका झिऱ्यापासून पंचवीस पावलं चालला की पुढच्या झिऱ्यावरची बाई म्हणे, "आता माह्यापासून मोजा." तो तिथून मोजे, की तिसरी हाक मारे. वळणावर पोचला तेव्हा उंच बाईनं त्याला पाणी विचारलं. तो थबकला. त्याच्या जातीला ते पाणी चालत नसावं. तिनं वाटी तशीच धरून ठेवली, आणि तो कोरड्या तोंडानं परत फिरला.

"बाई, हे बेइमानी झाली," ठेकेदार मला म्हणाला.

"सही कोनाची हाय?" मी विचारलं. ते वाक्य माझं होतं. गावात ते मोठीमायच्या तोंडी घालतात.

तो तालुक्याला गेला, एक कारकून घेऊन आला. कारकुनानं कागद वाचला आणि ठेकेदारालाच विचारलं की तुम्ही हे लिहून कसं दिलं. सरपंच मधे पडला. कागद पंचायतीत जमा करा, म्हणाला, नोंदीसाठी. मोठीमाय म्हणाली, "देऊन टाक." मी दिला नाही. त्या भिंतीजवळची रेती मी विसरले नव्हते. कागद माझ्याजवळ राहिला म्हणून वैशाखभर झिरे टिकले, हेही कोणी सांगत नाही.

ठेकेदार पावसाच्या आधी निघून गेला. नदीवरच्या दुसऱ्या गावाला उतरला, असं गाडीवाल्यांनी सांगितलं. त्या गावाकडून डाळ घ्यायला येणाऱ्या बायका पुढे मचूळ पाण्याची तक्रार करत. मी ऐकून घेई.

आमच्याकडे पुरानं रेती परत आणली, सगळी नाही. पुढच्या उन्हाळ्यात गोडं पाणी आलं, पण आधीपेक्षा खोल खणावं लागलं. वरच्या झिऱ्यावर पाळी एकच राहिली. आमच्यातल्या काही घरच्या बायका पंधरा दिवस आल्या नाहीत, विहिरीचं खारट पीत राहिल्या. मग वरणापुढे त्यांचा निरुपाय झाला आणि त्या उंच बाईच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात नवा ठेकेदार आला, नवा परवाना घेऊन. जुना कागद त्याला लागू नव्हता, हे मला आधीच माहीत होतं. मी रात्रीपासून तयारी केली होती. पाऊणशे पावलं मागायची, साठावर यायचं, खोलीची अट घालायची, फक्त गुडघ्याइतकं, आणि वर गावासाठी एका दगडी विहिरीचा शब्द काढायचा. सगळं ओठावर होतं. दुपारी कळलं की मोठीमाय आणि ती उंच बाई सकाळीच जाऊन आल्या.

मी नदीवर धावत गेले. ठेकेदाराच्या गाड्या वळून काठ चढत होत्या. बायका पात्रात उभ्या होत्या, दोन्हीकडच्या, गुंड रिकामे. मी एकीला विचारलं, कितीवर तुटलं?

"कितीवर नाई," ती म्हणाली. "त्यायनं सांगतलं, रेती नाई. तो म्हने पन्नास सोडतो, म्हने शंभर. ह्या म्हने, नाई. तो बोलत राह्यला, ह्या बसून राह्यल्या. गाड्या भराले कोनी हात नाई लावला."

म्हणजे भाव झालाच नाही. समोरचा पन्नासावरून शंभरावर आपणहून चढत होता आणि या नुसत्या बसल्या होत्या. त्याच्याकडून काय काय निघालं असतं, हे मला आजही तोंडपाठ आहे.

संध्याकाळी मोठीमाय झिऱ्यावर फांद्या टाकत होती. उंच बाई दुसऱ्या टोकानं फांदी धरून होती. मी तिथे गेले.

"मले काहून नाई बोलावलं?"

मोठीमायनं फांदी नीट बसवली. काटा बोटात गेला होता, तो काढला.

"तू आली असती," ती म्हणाली, "त काहीतरी देऊन गेली असती."

उंच बाईनं मान खाली घातली. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही, पण मला वाटतं ती हसली. मी घरी आले. झिऱ्यावर मी रोज जात राहिले, पाळीत उभी राहत राहिले, पण मोठीमायशी पाऊस लागेपर्यंत बोलले नाही.